कोरड्या त्वचेची निगा : आधी पाणी, मग तेल

वार्षिक अहवालाची पाने जमाखर्चाचे तक्ते, विभागवार कार्यवृत्त आणि देणगीदारांची नामावली यांनी भरलेली असतात. त्यांच्या जोडीला आमच्या हितचिंतकांना व रुग्णांना घरी उपयोगी पडेल असा एखादा आरोग्यविषयक लेख असावा, असा विश्वस्त मंडळाचा आग्रह असतो. या वर्षासाठी आम्ही कोरड्या त्वचेचा विषय निवडला आहे.

वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. थंडी पडली की अंग फुटते, ओठ उलतात, टाचांना जळवाता पडतात आणि चार दिवस खोबरेल चोपडले की काम भागते, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु पायाच्या जखमेसाठी आठवडेच्या आठवडे खाटेवर असलेल्या रुग्णांची कागदपत्रे आमच्या कार्यालयातून जातात, तेव्हा त्यांच्या पूर्वेतिहासात 'टाचेला भेग होती, घरगुती औषध लावले' ही नोंद पुनःपुन्हा आढळते. जी भेग वाटीभर तेलाने व रोजच्या पाच मिनिटांच्या निगेने भरून आली असती, तीच पुढे पायाचे बोट किंवा संपूर्ण पाऊल गमावण्यास कारणीभूत ठरते. म्हणून हा विषय आम्हास महत्त्वाचा वाटतो.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. प्रस्तुत लेखातील वैद्यकीय भाग आमच्या त्वचारोग व मधुमेह विभागांतील डॉक्टरांशी चर्चा करून लिहिला आहे व त्यांच्या नजरेखालून घातला आहे. भाषा मात्र आम्ही हेतुतः घरगुती ठेवली आहे.

त्वचा कोरडी पडते म्हणजे काय होते?

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. या चपट्या पेशी भिंतीतील विटांप्रमाणे एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधील फटी स्निग्ध पदार्थांच्या गिलाव्याने भरलेल्या असतात. भिंत शाबूत असेतो शरीरातील पाणी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरचे जंतू, धूळ, साबण आत शिरत नाहीत. या थरात स्वतःचे असे थोडे पाणीही असते. ते सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की थर ठिसूळ होतो, त्याची लवचिकता जाते, पांढरट खपल्या सुटू लागतात आणि जेथे ताण अधिक, तेथे तो तडकतो. टाचेवर सर्व शरीराचा भार पडतो, म्हणून टाच प्रथम फुटते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोरड्या त्वचेत कमतरता असते ती पाण्याची. तेल पाणी देत नाही. असलेले पाणी ते धरून ठेवते. नुसत्या कोरड्या, धुळीने भरलेल्या टाचेवर तेल चोळल्याने ती तुकतुकीत दिसते, परंतु आतील थर तहानलेलाच राहतो. या लेखातील सर्व सूचनांचे सार एवढ्या एका वाक्यात आहे : आधी पाणी, मग तेल.

कारणे

आमच्या भागासारख्या पठारी, कमी पावसाच्या प्रदेशात कार्तिक ते माघ या काळात हवेतील ओलावा फार कमी होतो आणि त्वचारोग विभागातील गर्दी वाढते. थंडीमुळे आपण कडकडीत पाण्याने, अधिक वेळ स्नान करतो. गरम पाणी व साबण दोन्ही मिळून पेशींमधील स्निग्ध गिलावा धुऊन नेतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो; त्याचा सामू सुमारे ५ असतो. नेहमीच्या अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा सर्वांगाला साबण लावणे ही स्वच्छता नसून त्वचेची झीज आहे.

वयपरत्वे स्निग्धता निर्माण करणाऱ्या ग्रंथींचे काम मंदावते, म्हणून वृद्धांच्या पोटऱ्या हिवाळ्यात विशेष खाजतात. धुणी-भांडी करणाऱ्या भगिनींचे हात सततच्या पाण्याने व धुण्याच्या चुऱ्याने, तर बांधकामावरील मजुरांचे हात सिमेंटमधील अल्कलीने फुटतात. याखेरीज थायरॉइड ग्रंथीचे मंदत्व, मूत्रपिंडाचे दीर्घ विकार, मधुमेह आणि कुष्ठरोग यांमध्येही त्वचा कोरडी पडते. पाणी पुरेसे प्यावे हे योग्यच, परंतु ज्याच्या शरीरात पाणी कमी झालेले नाही, त्याने केवळ अधिक पाणी प्यायल्याने फुटलेली टाच सांधत नाही. तिची निगा बाहेरूनच घ्यावी लागते.

रोजची कृती

त्वचारोग विभागात रुग्णांना तोंडी सांगितली जाणारी पद्धत येथे क्रमाने देत आहोत.

१) स्नानाचे पाणी कोमट असावे आणि स्नान पाच ते दहा मिनिटांत आटोपावे.

२) साबण काखा, जांघा, पावले व मळलेले भाग यांपुरता ठेवावा. कोरड्या पोटऱ्या व हात यांना रोज साबणाची गरज नसते.

३) अंग खसखसून न पुसता पंचाने टिपावे. त्वचा किंचित दमट राहू द्यावी.

४) दोन-तीन मिनिटांच्या आत तेल लावावे. सर्वांगाला चहाचे दोन ते तीन चमचे तेल पुरते. थेंब ओघळत असतील तर ते जास्त झाले असे समजावे.

५) रात्री निजताना हात व पावले पुन्हा धुऊन, टिपून तेल लावावे. पावलांवर सुती मोजे घालावेत. तेलकट पावलांनी फरशीवर चालू नये. घसरून पडणारे वृद्ध व त्यांच्या मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रिया आमच्या अस्थिरोग विभागाला पुष्कळ परिचयाच्या आहेत.

६) अंगास तेल वा मलम लावून लगेच चुलीपुढे किंवा शेकोटीजवळ बसू नये. तेल मुरलेले कपडे व अंथरूण लवकर पेट घेतात.

आपल्याकडे दिवाळीतील अभ्यंगस्नानात तेल स्नानापूर्वी लावतात. मग त्या परंपरेचे काय, असा प्रश्न रुग्ण विचारतात. त्यात विरोध नाही. स्नानापूर्वीचे तेल गरम पाण्यापासून त्वचेचा गिलावा राखते, तर स्नानानंतरचे तेल त्वचेत शिरलेले पाणी धरून ठेवते. कडाक्याच्या थंडीत दोन्ही करता येतील. एकच करणे शक्य असेल तर स्नानानंतरचे करावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे वर्णन करताना तेल मुरलेला घडा, तेल दिलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस यांचे दृष्टांत दिले आहेत. तडकणाऱ्या वस्तूला स्नेह लवचिक करतो, हे आपल्या पूर्वसूरींनी नेमके हेरले होते. पावलांना तेल लावण्यावर आयुर्वेदाने दिलेला विशेष भर आजच्या मधुमेहाच्या काळात तर अधिकच मोलाचा ठरतो.

घरातील पदार्थ : गुण आणि मर्यादा

खोबरेल तेल. आपल्याकडे सर्वत्र मिळणारे व बहुतेकांना मानवणारे हे तेल आहे. फिलिपीन्समध्ये ३४ रुग्णांवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायांच्या कोरड्या त्वचेला दिवसातून दोनदा, दोन आठवडे शुद्ध खोबरेल लावले असता ते खनिज तेलाइतकेच गुणकारी व निर्धोक आढळले. सुवासिक केशतेल म्हणून मिळणारे खोबरेल त्वचेसाठी वापरू नये. सुगंधी द्रव्यांचे वावडे असू शकते. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमे येतात त्यांनी ते चेहऱ्यावर टाळावे.

तिळाचे तेल. अभ्यंगासाठी परंपरेने मान्य असलेले हे तेल थंडीत गोठत नाही व मालिशीस सुकर पडते. क्वचित कोणास तिळाचे वावडे असते. अशांनी ते वर्ज्य करावे.

करडई व सूर्यफूल. आमच्या पठारावर करडई पूर्वापार पिकते. करडईच्या व नेहमीच्या सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक नावाचे स्निग्धाम्ल मुबलक असते आणि त्वचेच्या भिंतीतील गिलावा तयार होण्यास ते आवश्यक असते. ढाक्याच्या शिशू रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांना सूर्यफुलाच्या तेलाचे हलके मर्दन केल्यावर रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेले होते, घरी करावयाचा तो प्रयोग नव्हे. परंतु त्वचेची भिंत राखणे म्हणजे जंतूंना दाराबाहेर ठेवणे, हे त्यातून स्पष्ट होते. तळणीतून उरलेले तेल मात्र अंगास कदापि लावू नये.

कोकमाचे तेल. कोकणात व गोव्यात रातांब्याच्या बियांपासून काढलेले हे तेल वड्यांच्या वा गोळ्यांच्या रूपात मिळते. हवेच्या नेहमीच्या तापमानास ते घट्ट असते आणि शरीराच्या उष्णतेने मऊ होते. त्यामुळे टाचेच्या भेगेवर ते पातळ तेलापेक्षा अधिक वेळ टिकून राहते. थोडेसे कोमट करून, बोटाला सोसेल इतपत झाल्यावर, धुतलेल्या व टिपलेल्या टाचेत भरावे. राळ, मेण व तिळाचे तेल यांचे मलमही असेच वरून आच्छादन घालते. भेग उथळ व कोरडी असेल, रक्त वा पू नसेल, तरच ते लावावे.

तूप व साय. उललेल्या ओठांना साजूक तूप लावण्याची आपल्या आज्यांची रीत उत्तम आहे. ओठांवरून जीभ फिरवण्याची सवय मात्र मोडावी. लाळ वाळताना ओठ अधिक कोरडे होतात. दुधाची साय गालांना लावून थोड्या वेळाने धुऊन टाकावी. चिरलेल्या, रक्त आलेल्या त्वचेवर साय किंवा दही लावू नये, कारण त्यात जंतूंची वाढ झपाट्याने होते. तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन केलेले शतधौत घृत हे मऊ, पांढरे व थंड मलम आयुर्वेदात प्रसिद्ध आहे. ते विश्वासू वैद्याकडून ताजे घ्यावे.

कोरफड, मध, ग्लिसरीन. हे पदार्थ पाणी देणारे किंवा ओढून धरणारे आहेत, झाकणारे नव्हेत. कोरफडीचा गर बहुतांशी पाणीच असतो. पान कापल्यावर प्रथम निथळणारा पिवळा चीक त्वचेला झोंबतो, म्हणून तो वाहून जाऊ द्यावा, पान धुवावे आणि मगच गर घ्यावा. ग्लिसरीन नेहमी पाण्यात वा गुलाबपाण्यात मिसळून लावावे. या तिन्हींपैकी काहीही लावल्यानंतर त्यावर तेलाचा हलका हात फिरवला नाही, तर कोरड्या हवेत त्यांचा लाभ फार वेळ टिकत नाही.

उटणे व डाळीचे पीठ. साबणाला हा सौम्य पर्याय आहे. परंतु पीठ वस्त्रगाळ असावे, दुधात किंवा तेलात कालवावे आणि हलक्या हाताने लावावे. भरड उटणे जोराने घासल्यास त्वचेवर सूक्ष्म ओरखडे उठतात. मुलतानी माती तेलकट त्वचेसाठी आहे. कोरड्या त्वचेतील उरलीसुरली स्निग्धताही ती शोषून घेते.

या यादीत पेट्रोलियम जेली नैसर्गिक वनस्पतिजन्य नसली तरी तिचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. ती स्वस्त आहे, तिचे वावडे क्वचितच असते आणि पाणी धरून ठेवण्यात ती बहुतेक तेलांपेक्षा सरस आहे. ज्यांना कोणतेही तेल मानवत नाही त्यांनी तिचा निःसंकोच वापर करावा.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

झाडापासून मिळाले म्हणजे ते निरुपद्रवी, ही समजूत आमच्या रुग्णांना सर्वांत महाग पडते. तिचे ठळक उदाहरण बिब्ब्याचे आहे. टाचेच्या भेगांत तापवलेल्या बिब्ब्याचे तेल सुईच्या टोकाने भरण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात अजूनही आढळते. बिब्ब्याच्या आतील गोडंबी आपण लाडवात खातो, म्हणून सारेच फळ सौम्य असावे असा समज होतो. वस्तुतः त्याच्या टरफलातील काळे तेल इतके दाहक असते की परीट कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करण्यास ते वापरीत. हे तेल त्वचेला लागले की फोड येतात, सूज येते, कातडी सोलवटते आणि हाताने इतरत्र लागले तर तेथेही तेच होते. 'बिब्बा उतला' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रूढ आहे, तो अनुभवातूनच. आयुर्वेदातही विटेच्या भुकटीत घोळून शोधन केल्याविना बिब्बा औषधात घेत नाहीत. घरी ते कोणी करीत नाही. चुकून बिब्बा लागलाच तर तो भाग त्वरित साबण व भरपूर पाण्याने धुवावा, खोबरेल लावावे आणि फोड येताच रुग्णालयात यावे.

लिंबाचा रस कोरड्या त्वचेस झोंबतो. तो लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे डाग उठतात व काळपटपणा महिनोन्महिने राहतो. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आहे. साबणाने जी हानी होते तीच तो करतो. लसणाचा ठेचा बांधून ठेवल्यास त्वचा अक्षरशः भाजते. मोहरीचे तेल काहींच्या, विशेषतः बालकांच्या, त्वचेला दाहक ठरते. औषधांच्या दुकानांतून बाळाच्या मालिशीसाठी महागडे ऑलिव्ह तेल घेण्याचा प्रघात वाढला आहे. त्याविषयी इतकेच सांगतो की, इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या २०१३ सालच्या अभ्यासात १९ प्रौढ व्यक्तींच्या हातांवर ते काही आठवडे लावले असता त्वचेची भिंत दुबळी झाल्याचे दिसले. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. किंमत अधिक म्हणजे गुण अधिक, असा हिशेब येथे जुळत नाही.

कोणताही नवीन पदार्थ प्रथम कोपराच्या आतील बाजूस नाण्याएवढ्या जागेवर दोन-तीन दिवस लावून पाहावा. लाली वा खाज नसेल तरच पुढे वापरावा.

ज्यांच्या पायांना संवेदना नाही

आता आम्ही या लेखाच्या मुख्य भागाकडे वळतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या व्यापक पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिल्यास पायांच्या मज्जातंतूंना इजा होते. त्याचे दोन परिणाम एकत्र येतात : घाम येणे कमी होऊन पाऊल कोरडे पडते व फुटते, आणि वेदना न जाणवल्यामुळे ते फुटल्याचे कळत नाही. निरोगी माणूस टाचेतील भेगेने लंगडू लागतो व तिची काळजी घेतो. मधुमेही रुग्ण त्याच भेगेवर दिवसभर चालतो. भेगेतून जंतू आत जातात, साखरेमुळे ते फोफावतात, आणि मोज्यावर डाग किंवा दुर्गंधी आल्यावरच घरच्यांच्या लक्षात येते.

कुष्ठरोगातही असेच घडते. चट्ट्याच्या जागी घाम येत नाही, त्वचा कोरडी व बधिर होते आणि मज्जातंतू बाधित झाल्यास तळहात व तळपाय भेगाळतात. औषधांपैकी क्लोफाझिमीननेही त्वचा कोरडी व काळपट होते. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर १० हजारांत एकाहून कमी झाले. तथापि आजार संपलेला नाही. महाराष्ट्रातही नवे रुग्ण आढळतात. त्याची बहुविध औषधे मोफत मिळतात व आजार पूर्ण बरा होतो. मात्र एकदा गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही, म्हणून पावलांची निगा जन्मभर घ्यावी लागते. कुष्ठसेवेतील कार्यकर्त्यांनी त्यासाठी रुजवलेली पद्धत म्हणजे 'आधी पाणी, मग तेल' या सूत्राचेच शिस्तबद्ध रूप आहे. हात-पाय साध्या थंड पाण्यात सुमारे वीस मिनिटे भिजवावेत, जाड झालेली कातडी हलक्या हाताने घासून काढावी, पाणी पूर्ण न पुसता तेल लावावे, आणि हे रोज करावे. ना महागडे औषध, ना यंत्र. तरीही या साध्या कृतीने असंख्य पावले शाबूत राहिली आहेत.

मधुमेही रुग्णांनी मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. त्यांनी पाय फार वेळ भिजवून ठेवू नयेत. कातडी पांढरी व भुसभुशीत होऊन जंतूंना वाव मिळतो. त्यांच्यासाठी नियम पुढीलप्रमाणे आहेत.

१) पावले रोज कोमट पाण्याने धुवावीत. पाण्याची उष्णता पायाने न तपासता कोपराने किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या हाताने तपासावी. बधिर पाय भाजल्याचे कळत नाही.

२) बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या कराव्यात. तेल तळव्यास व टाचेस लावावे, बेचक्यांत लावू नये. तेथे ओल राहून बुरशी वाढते.

३) पत्र्याची वा खरबरीत वजरी, ब्लेड, कात्री यांनी कातडी खरवडू किंवा कापू नये. जाड टाचेसाठी युरियायुक्त मलम डॉक्टर लिहून देतात; त्याने कातडी आपोआप मऊ होते.

४) रोज रात्री उजेडात तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा मुलाबाळांनी, सुनेने, नातवंडांनी पाहावे. जे पायाला जाणवत नाही ते डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे.

५) घरातही अनवाणी चालू नये. देवघरात वा देवळात चप्पल काढावी लागते, तेथे स्वच्छ जाड मोजे घालावेत. उन्हाळ्यात मंदिराच्या तापलेल्या फरशीने पाय पोळल्याचे रुग्ण दरवर्षी येतात.

६) भेगेवर शेक, बिब्बा, मेणबत्तीचे तापलेले मेण यांपैकी काहीही करू नये.

पायाची संवेदना पाहण्यासाठी १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्यास टेकवतात. तपासणीस काही मिनिटे लागतात व वेदना होत नाही. प्रत्येक मधुमेही व्यक्तीने ती वर्षातून निदान एकदा करून घ्यावी.

बालके आणि कष्टकरी

तान्ह्या बाळास हलक्या हाताने खोबरेल लावण्यास हरकत नाही. नाक, कान व बेंबी यांत तेल घालू नये आणि डाळीच्या पिठाने नाजूक कातडी रगडू नये. बाळाच्या गालांवर, कोपरांच्या व गुडघ्यांच्या घडीत लाल, खाजरे, ओलसर चट्टे येत असतील तर तो केवळ कोरडेपणा नसून इसब असू शकतो. त्यास डॉक्टरांचेच औषध लागते, तेल त्याच्या जोडीला असते.

धुणी-भांडी करणाऱ्या भगिनींनी शक्य तेथे आतून सुती व वरून रबरी हातमोजे वापरावेत, काम संपताच हात साध्या पाण्याने धुवावेत, टिपावेत व लगेच तेल लावावे. दिवसातून एकदा भरपूर तेल लावण्यापेक्षा प्रत्येक कामानंतर दोन थेंब अधिक गुणकारी असतात. घरमालकिणींनी स्वयंपाकघरातील एक लहान तेलाची बाटली यासाठी बाजूला ठेवली तर ती फार मोठी सेवा होईल.

रुग्णालयात केव्हा यावे?

दोन आठवडे नियमित निगा घेऊनही फरक पडत नसेल. भेगेतून रक्त, पाणी वा पू येत असेल. पायावर सूज, लाली, दुर्गंधी किंवा ताप असेल. खाजेने झोप लागत नसेल. चट्टा फिकट वा लालसर असून तेथे स्पर्श जाणवत नसेल. किंवा कोरडेपणासोबत वजन वाढणे, सुस्ती, केस गळणे ही लक्षणे असतील, तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करून घ्यावी. मधुमेही व्यक्तीने पायाची कोणतीही जखम त्याच दिवशी दाखवावी, दुखत नसली तरीही. बधिर पायाची जखम दुखत नाही, म्हणूनच तर ती अधिक धोक्याची असते.

एक हिशेब

जमाखर्चाशी आमचा रोजचा संबंध, म्हणून शेवटी हिशेबाची भाषा वापरतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालये निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवतात, आणि त्यांचा खर्च रुग्णालयाच्या एकूण देयकांच्या २ टक्के रकमेतून उभ्या राहणाऱ्या निर्धन रुग्ण निधीतून भागवला जातो. आमच्याकडेही अशा खाटा मर्यादित आहेत. पायाच्या चिघळलेल्या जखमेचा एक रुग्ण त्यांपैकी एक खाट कित्येक आठवडे व्यापतो. त्यास शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, रोजची मलमपट्टी लागते. निधीतून तो खर्च आम्ही करतोच आणि करीतच राहू. परंतु त्या कुटुंबाची बुडालेली मजुरी, शेतीचा हुकलेला हंगाम, शाळा सोडून वडिलांजवळ बसलेली मुलगी यांची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही. कापावे लागलेले पाऊल तर कोणत्याही निधीतून परत देता येत नाही.

याच्या उलट बाजूस काय आहे? महिनाभर पुरणारी तेलाची बाटली, कोमट पाण्याचे घमेले, सुती मोज्यांचा जोड, एक आरसा आणि रोजची पाच मिनिटे. आमच्या माहितीत आरोग्यावरील इतकी अल्प व इतका परतावा देणारी दुसरी गुंतवणूक नाही.

म्हणून आमच्या देणगीदारांना, सभासदांना व हितचिंतकांना विनंती आहे की, हा लेख वाचून बाजूला ठेवू नये. आपल्या घरात मधुमेह असलेले आई-वडील, सासू-सासरे, शेजारी किंवा घरकामास येणाऱ्या मावशी असतील, तर आज रात्री त्यांचे तळपाय एकदा पाहावेत. भेग दिसली तर धुवावी, टिपावी, तेल लावावे. जखम दिसली तर उद्या सकाळी त्यांना सोबत घेऊन यावे. आमचा बाह्यरुग्ण विभाग त्यांच्यासाठी खुला आहे.